निवडलेले चाळीस

मे महिन्यात जालन्याहून काकांचा फोन आला. "सर, यंदाची निवड तुम्ही, मी आन् नांदेडच्या डॉक्टर ताई. ठरलंय, नाही म्हणू नका." मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर धास्तावलो. मी अंबाजोगाईला शाळेत विज्ञान शिकवतो. पंधरा वर्षं हौसेनं फोटो काढतोय, पण दुसऱ्याच्या फोटोला 'हा घ्या, हा राहू द्या' म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

आमचा गट हौशी लोकांचा. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतली नव्वदेक माणसं. शिक्षक आहेत, एसटीतले वाहक आहेत, शेतकरी, बँकेतले, कॉलेजची पोरं. फोटोवर पोट असलेलं कुणी नाही. काकांचा जालन्यात स्टुडिओ होता, तोही बंद होऊन नऊ वर्षं झाली. दरवर्षी 19 ऑगस्टला आम्ही कुठल्यातरी जिल्ह्याच्या गावी हॉल भाड्यानं घेऊन तीन दिवस प्रदर्शन भरवतो. 1839 मध्ये याच तारखेला पॅरिसमध्ये लुई दागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढायची कृती जाहीर करून लोकांना खुली केली होती, म्हणून हा दिवस. प्रत्येकानं पाचपर्यंत फोटो द्यायचे, त्यातले चाळीस भिंतीवर लागतात. शिवाय निवडणाऱ्या तिघांनी आपापला एक सर्वांत आवडता फोटो सांगायचा आणि तो का आवडला ते त्याच्याखाली चार ओळींत लिहायचं. चाळीस निवडायला पाच आठवडे गेले, आणि त्या चार ओळींनी मला त्याहून जास्त छळलं.

फोटो आले 387. काकांच्या भाच्यानं सगळ्यांची नावं काढून टाकली आणि नुसते नंबर दिले. कोण कुठला, कॅमेरा कोणता, मोबाईल की मोठी लेन्स, काही कळायला मार्ग नाही. हा नियम काकांचा. मागं एकदा नावांसकट निवड झाली होती, तेव्हा ज्यांच्याकडं महागडे कॅमेरे होते त्यांचेच फोटो भिंतीवर गेले, असं त्यांचं म्हणणं.

सुट्ट्या होत्या. मी रात्री गच्चीवर बसून मोबाईलवर एकेक फोटो सरकवत गेलो. दोन रात्रींत 92 बाजूला काढले. यादी पाहून बरंही वाटलं, कारण एकाहून एक देखणे फोटो होते. जायकवाडीच्या नाथसागरावरचे रोहित पक्षी, मागं पेटलेलं सकाळचं आभाळ. बीबी का मकबऱ्यावर उगवलेली आकाशगंगा. दौलताबादचा किल्ला धुक्यात. माळेगावच्या यात्रेत मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा. ही यादी घेऊन मी जालन्याला गेलो आणि बसायच्या आधीच ती काकांच्या हातात दिली.

काकांनी ती न बघताच टेबलावर ठेवली. "मोबाईलवर निवडलेलं मी धरत नसतो, सर." मग आतल्या खोलीचं दार उघडलं. जुन्या स्टुडिओची लांबडी खोली. मागच्या भिंतीवर रंगवलेल्या बागेचा पडदा अजून तसाच. खाली सतरंज्या अंथरलेल्या आणि त्यांवर 387 च्या 387 फोटोंच्या चार बाय सहाच्या प्रिंट, ओळीनं मांडलेल्या. पंखा बंद ठेवावा लागला, नाहीतर सगळ्या उडाल्या असत्या. जालन्याचा मे महिना, पारा बेचाळीसच्या घरात. डॉक्टर ताई सकाळच्या गाडीनं नांदेडहून आल्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि सरळ खाली मांडी घातली.

असे दोन दिवस आम्ही तिघं गुडघ्यांवर रांगत होतो. मोबाईलचा पडदा आतून उजळलेला असतो, त्यामुळं त्यावर कुठलाही फोटो दिव्यासारखा दिसतो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. खोलीत जेवढा उजेड आहे तेवढ्यातच त्याला उभं राहावं लागतं. माझ्या 92 पैकी निम्मे तिथंच पडले. रोहित पक्ष्यांचा फोटो आधी पडला. मोबाईलवर जो गुलाबी रंग मला श्वास रोखायला लावत होता, तो कागदावर नुसता रंगाचा सपाट थर झाला होता. ज्यानं कुणी तो फोटो काढला त्यानं नंतर रंग इतका चढवला होता की पिसांमधले बारकावे पार बुडाले होते. रोहित पक्ष्याचा पांढुरका, जरासा गुलाबी पंख मिटलेला असतो तेव्हा त्याच्या आत लाल आणि काळं दडलेलं असतं, आणि तो उडताना उघडतो तेव्हा खरी मजा. ती मजा मूळ फोटोत असणार. ती बाहेर येऊ द्यायची सोडून तिच्यावर रंग ओतला होता. मला त्या माणसाबद्दल हळहळ वाटली, कारण जायकवाडीच्या त्या उथळ पाण्यात पहाटे चारपासून चिखलात बसल्याशिवाय तो कोन मिळत नाही. मी बसलोय, मला माहीत आहे.

मकबऱ्याच्या आकाशगंगेवर मात्र मी स्वतःच बोट ठेवलं. पहिल्या फेरीत माझ्या यादीत तिसऱ्या नंबरला होती ती. कागदावर बघताना डोक्यातला विज्ञानाचा मास्तर जागा झाला. मकबऱ्याचं मोठं प्रवेशद्वार दक्षिणेला आहे. तिथून समोरचा फोटो काढणारा माणूस उत्तरेकडं तोंड करून उभा असतो. आकाशगंगेचा जो जाडजूड, उजळ पट्टा त्या फोटोत घुमटामागं दिसत होता तो धनु राशीच्या बाजूचा, आणि आपल्याकडून तो दक्षिण आकाशातच दिसतो. तो घुमटाच्या मागं येणं शक्यच नाही. शहराच्या दिव्यांची गोष्ट तर वेगळीच. म्हणजे आभाळ दुसरीकडचं आणून चिकटवलं होतं. ताई म्हणाल्या, "कल्पनाचित्र म्हणून लावू की." काका म्हणाले, "मग त्यानं तसं लिहून द्यायचं होतं." फोटो बाजूला गेला. नंतर कळलं की तो परळीच्या एका चांगल्या मित्राचा. मी फोन करून कारण सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण त्या दिवसापासून गटात त्याचा शब्द नाही. तो परत यावा असं मला मनापासून वाटतं. त्याचे बाकीचे चार फोटो सरळ, प्रामाणिक आणि सुंदर होते, त्यातला एक आम्ही घेतलाही.

काही फोटो दोन मिनिटांत बाहेर गेले. घरट्यातल्या पिल्लांचे चार होते. एकात नाचण पक्ष्याच्या वाटीएवढ्या घरट्याभोवतीची पानं साफ छाटलेली दिसत होती. झाकण गेलं की ऊन लागतं आणि कावळ्याला घरटं सापडतं. निसर्गाच्या फोटोंच्या बऱ्याच स्पर्धांत घरट्यांचे फोटो घेतच नाहीत, ते यासाठीच. आम्हीही चारही काढून ठेवले.

एका फोटोवर मात्र मी बराच वेळ थांबलो. उसाच्या फडाजवळच्या कोप्या, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्या, संध्याकाळचं ऊन, चुलीचा धूर, आणि एक बाई लेकराला अंघोळ घालतेय. रचना अशी की कुठं बोट ठेवायला जागा नाही. मी तो 'हो'च्या ढिगात ठेवला. काकांनी तो पुन्हा उचलला आणि भिंग घेऊन खिडकीशी गेले. बराच वेळ बघितला. "सर, ही बाई पाठ फिरवायलीय बघा." मी भिंगातून पाहिलं. खरंच होतं. मान वळलेली, पदर तोंडाशी ओढलेला, एक हात लेकराच्या पाठीवर, दुसरा पदराच्या टोकाला. मला ती लय वाटली होती. ती बाई लपत होती. काकांनी चाळीस वर्षं लोकांना स्टुलावर बसवून फोटो काढले, माणूस कॅमेऱ्याला कधी तयार असतो आणि कधी नसतो हे त्यांना खांद्यावरून कळतं. फोटो परत 'नाही'त गेला, आणि त्या दिवसानंतर मी माझे स्वतःचे जुने फोटोही त्या नजरेनं पुन्हा चाळले.

वेरूळ, अजिंठा आणि मकबरा मिळून 63 फोटो होते. कैलास लेणं वरच्या डोंगराच्या कडेवरून काढलेलं एकट्याचं सतरा वेळा. सगळे नीट काढलेले, सगळे एकसारखे. आम्ही त्या साऱ्यांतून एकच घेतला, तो वेरूळच्या 16 नंबरच्या कैलास लेण्याचा नसून 10 नंबरच्या चैत्य लेण्याचा. त्याला तिकडचे लोक 'सुतार की झोपडी' म्हणतात, कारण छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्यात. वेरूळची लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, ऊन आत येतं ते दुपार उलटल्यावर. त्या फोटोत झाडणारी एक मावशी आहे. खराट्यानं उडालेली धूळ वरच्या खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात तरंगतेय, आणि धुळीमुळंच तो पट्टा दिसतोय. मावशी खाली बघून झाडतेय, तिच्यामागं उजेडाच्या कडेला बुद्धाचा गुडघा तेवढा. ज्यानं काढला तो तिथं कितीदा गेला असेल असा प्रश्न मला पडला. नावं उघडल्यावर कळलं, खुलताबादचा रिक्षावाला, रोज प्रवासी घेऊन जातो. काकांनी हाच आपला आवडता म्हणून निवडला.

सगळ्यात लांब भांडण झालं ते दुष्काळावर. मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकच फोटो येतो. भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर उकिडवा बसलेला, कपाळाला हात लावलेला म्हातारा. आमच्याकडं दुष्काळाचे 19 आले होते, बहुतेक असेच. मला ते फोटो बघून राग येत होता आणि मी तो बोलून दाखवला. आपली काळी माती चिकणमातीची. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते, आणि आकसताना फाटते. बरा पाऊस झालेल्या वर्षीही उन्हाळ्यात माझ्या मामाच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुनी माणसं त्याला वाईट मानत नाहीत, पहिला पाऊस त्या भेगांतून खोल मुरतो म्हणतात. भेगा म्हणजे दुष्काळ नव्हे. पण एकदा कुणीतरी तो फोटो काढला, मग पुढचे सगळे तोच शोधत फिरायला लागले, आणि म्हाताऱ्यालाही ठाऊक झालं की कॅमेरा आला की हात कपाळाला लावायचा.

डॉक्टर ताईंनी मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "सर, लोकांना बघून बघून सवय झाली म्हणून दुःख खोटं होत नसतं. मी ज्या घरांत जाते तिथं अजून तसंच बसलेले असतात माणसं." यावर मला उत्तर सुचलं नाही, आजही नाही. त्या 19 मधून त्यांनी एक उचलला जो मी भेगांच्या नादात बाकीच्यांसोबत बाजूला सारला होता. विहिरीच्या काठावरून थेट खाली काढलेला. पंचवीस-तीस हात खोल, भिंतीचे थर गोल गोल उतरत गेलेले, आणि तळाशी एक माणूस वाटीनं घागरीत पाणी भरतोय. तो वर बघतोय, कारण वरून कुणीतरी हाक मारली असावी. त्याच्या चेहऱ्यावर लाचारी नाही, 'थांबा, भरतोय' एवढंच आहे. तो घेतला, आणि ताईंनी त्याच्याखाली आपल्या चार ओळी लिहिल्या.

त्याच्या शेजारी लावायला मी एक सुचवला, तो तिघांनाही पटला. लातूरचा, 2016 सालचा. त्या वर्षी लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. रेल्वेचे फोटो तेव्हा देशभर छापून आले. या फोटोत रेल्वे नाही. एक गल्ली आहे आणि गल्लीभर घागरींची, ड्रमांची, हंड्यांची रांग. टँकर अजून आलेला नाही. माणसं घरात गेलीत आणि आपल्या जागी भांडी उभी करून गेलीत. एका घागरीच्या कानाला लाल चिंधी, एकीवर ऑइलपेंटनं नुसतं 'मा', एका निळ्या ड्रमला सायकलची साखळी आणि कुलूप. रांगेच्या टोकाला उंबऱ्यावर एक पोरगं मांडीवर वही घेऊन राखण करतंय. परीक्षेचे दिवस होते. त्या फोटोतली प्रत्येक घागर मी ओळखतो असं वाटतं, आणि हे बाहेरून फोटो काढायला आलेल्याला सुचलं नसतं.

पहिल्या दिवशी रात्री निघताना काकांनी आम्हाला दोन कोरे कागद दिले. "झोपताना डोळे मिटून जेवढे आठवतील तेवढे लिहून काढा. फोटो बघायचे नाहीत." मी लॉजवर पडल्या पडल्या लिहायला बसलो. 23 आठवले. त्यात माझ्या मूळ यादीतले फक्त सहा होते. आणि पहिला जो आठवला त्याचा नंबर मला माहीत नव्हता, कारण मोबाईलवर मी तो न थांबता सरकवला होता. दिवसभर तो माझ्या गुडघ्याशेजारी पडून होता. सकाळी जाऊन पाहिलं, 214.

साधा फोटो. मातीचं घर, दोन दारं. एका दाराला कुलूप. दुसऱ्या दाराच्या उंबऱ्यावर आजी बसलीय, पाय पुढं सोडलेले, नजर कॅमेऱ्याकडं नाही, बाजूच्या रस्त्याकडं आहे. कुलूपवाल्या दारावर दसऱ्याचं तोरण. आंब्याची पानं वाळून गुंडाळी झालेली, झेंडूची फुलं काळपट. दुपारचं सपाट ऊन, कोपऱ्यात अर्धवट कापला गेलेला एक रांजण, क्षितिज जरासं तिरकं. फोटोच्या शाळेत याला कुणी चांगले गुण दिले नसते. पण आमच्या बीडकडं हा फोटो कुणालाही वाचता येतो. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात, नवरा-बायकोची 'कोयत्या'ची जोडी ऊसतोडीला निघते, आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येते. तान्ही लेकरं सोबत जातात, शाळेतली आजी-आजोबांपाशी राहतात. माझ्या वर्गातली निम्मी पोरं अशी. दिवाळीनंतर त्यांच्या वहीवर पालकांची सही घ्यायची तर आजीचा अंगठा येतो. वीस वर्षं मी हे बघतोय, आणि वीस वर्षांत कुलूप लावलेल्या त्या दुसऱ्या दाराकडं मी एकदाही कॅमेरा वळवला नाही. मी पहाटे उठून जायकवाडीला जायचो.

काका आणि ताई आधी राजी नव्हते. काकांना तिरकं क्षितिज खुपत होतं, ताईंना वाटत होतं की गोष्ट माहीत नसलेल्याला यात काय दिसणार. मी म्हणालो, तोरण दिसेल. वाळलेलं तोरण कुणी काढलं नाही, एवढं कुणालाही दिसेल. काकांनी भिंग लावून तोरण पाहिलं आणि फोटो 'हो'त ठेवला.

चाळीस ठरल्यावर नावं उघडली, आणि एक गोष्ट बोचली. चाळिसात अकरा बीड जिल्ह्याचे होते आणि हिंगोलीचा एकही नव्हता. नंबर लावून नावं झाकता येतात, पण मी कुठं वाढलो ते कसं झाकणार? जे मला ओळखीचं वाटलं तेच मला खोल वाटलं. काका म्हणाले, बदलायचं नाही, झालं ते झालं. ताई आणि मी हट्ट धरला की निदान हिंगोलीचे चौदा पुन्हा बघू. बघितले. त्यात एक करडा, मिणमिणता फोटो होता जो आम्ही तिघांनीही अंधुक म्हणून सोडला होता. काकांनी तो मोठा करून आणला, बारा बाय अठराचा. वसमतकडची हळद शिजतेय, पहाटेची वेळ, खोलीभर वाफ. आणि आता त्या वाफेत माणसं दिसायला लागली. एक, मग दुसरा, मग तिसरा, पाटी डोक्यावर घेतलेला. चार बाय सहाच्या कागदावर ती माणसं मावतच नव्हती. तो फोटो आत आला आणि माझ्याच अंबाजोगाईच्या एका मित्राचा बाहेर गेला. काही फोटोंना मोठी जागा मिळाल्याशिवाय ते बोलत नाहीत, हे आम्हाला तेव्हा कळलं, आणि मग राहिलेल्यांतले आणखी किती असे असतील, ही रुखरुख लागून राहिली.

214 पाठवणारी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, होस्टेलवर राहणारी मुलगी निघाली. छपाईसाठी मूळ फाइल हवी म्हणून मी फोन केला.

"सर, ती नाही माझ्याकडं," ती म्हणाली. "तो मोबाईल पुढच्या वर्षी आई-अण्णांसोबत कारखान्यावर गेला होता. तिकडंच फुटला. मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तिच्याकडून परत घेतला तोच तुम्हाला दिला."

व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो आकसून लांब बाजूनं साधारण 1600 पिक्सेलचा होतो. हाही 1600 बाय 1200 होता. आमचे सगळे फोटो अठरा इंच लांब लागतात. म्हणजे इंचाला 89 पिक्सेल. चांगल्या प्रिंटला त्याच्या तिप्पट लागतात. भाच्यानं संगणकावर फोटो आपोआप मोठा करणारं नवं तंत्र लावून बघितलं. फोटो मोठा झाला, कडाही धारदार झाल्या, पण आजीच्या गालावरच्या सुरकुत्या जाऊन तिथं कुणा दुसऱ्याच बाईचा गुळगुळीत गाल आला, आणि तोरणातली आंब्याची पानं कसल्याच झाडाची राहिली नाहीत. मी ते बघून बंद करायला सांगितलं. यंत्रानं अंदाजानं भरलेली आजी आम्हाला नको होती.

त्या दिवसांत मला सारखा रॉबर्ट गिल आठवत होता. 1844 मध्ये तो अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायच्या कामावर आला आणि वर्षानुवर्षं तिथं रंगवत बसला. ती मोठमोठी चित्रं लंडनला गेली आणि 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळी जळाली. पण त्यानं मधल्या काळात कॅमेराही हाती घेतला होता, आणि त्याचे छोटे फोटो मागं राहिले. मोठं गेलं, छोटं उरलं. उरलेलं छोटंच आपण जपून बघतो. मी काकांना म्हणालो, हा फोटो छोटाच लावू.

काकांनी मग मनावर घेतलं. इंचाला 200 पिक्सेल धरून आठ बाय सहाची प्रिंट काढली, मॅट कागदावर. क्षितिज सरळ करू का विचारलं, आणि स्वतःच म्हणाले, राहू दे, उभी राहून घाईत काढलाय तसा दिसू दे. पहिली प्रिंट लॅबवाल्यानं न विचारता उजळ करून दिली, तोरण फिकटलं, ती परत करून दुसरी काढली. मग बाकीच्यांच्याच मापाच्या फ्रेममध्ये रुंद पांढरा काठ सोडून मधोमध ती बसवली. भिंतीवर लांबून पांढरा चौकोन दिसायचा आणि त्यात काहीतरी लहानसं. बघायला जवळ जावंच लागायचं.

माझ्या चार ओळी मी नऊ वेळा लिहिल्या. पहिल्या मसुद्यात स्थलांतर, शोषण, व्यवस्था असे शब्द होते. ते सगळे खरे आहेत, पण फोटोत ते लिहिलेले नव्हते. शेवटी लिहिलं ते एवढं: दसऱ्याला बांधलेलं तोरण. बांधणारी माणसं दुसऱ्या दिवशी गेली. पानं वाळली तरी कुणी काढलं नाही. आजी रस्त्याकडं बघतेय.

प्रदर्शन यंदा बीडला होतं. श्रावण, बाहेर भुरभुर. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी आईला घेऊन आली. आई चप्पल दाराशी काढून आत आली, आम्ही नको नको म्हणत असताना. मुलगी तिला थेट फोटोपाशी घेऊन गेली. आई जवळ गेली, अजून जवळ गेली, कपाळ काचेला टेकेल इतकी. बराच वेळ काही बोलली नाही. मी बाजूला उभा होतो. मला वाटलं, विचारावं काय वाटलं, पण जीभ रेटली नाही.

"हे आपलं घर व्हय?" तिनं लेकीला विचारलं. "मी असं कव्हा बघितलंच न्हाई."

लेक म्हणाली, "तू नसतानाचं हाय ना आई."

आईनं बोटानं काचेवरून तोरणाची ओळ दाखवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "दसऱ्याला मीच बांधलं होतं. सकाळी गाडीत बसायच्या आधी एक गाठ सुटली होती, पुन्हा बांधली." मग थोडं थांबून सासूबद्दल म्हणाली, "आत्यानं काढलं न्हाई व्हय. मी आले तव्हा नव्हतं दाराला."

"तू यायच्या आदल्या दिशी काढलं आजीनं," लेक म्हणाली. "वाळलेलं तोरण बघून तुला वाईट वाटंल म्हणून."

आई पुन्हा काचेजवळ वाकली.